टेकूवरचे सहा महिने

मे महिन्याचा उत्तरार्ध लागला, म्हणजे अँटिगापासून ग्रेनेडापर्यंत धनुष्याकृती पसरलेल्या पूर्व कॅरिबियन बेटांच्या उपसागरांत निरवानिरव सुरू होते. डिसेंबरपासून जेथे शेकडो डोलकाठ्या दाटीवाटीने उभ्या असत, तेथले नांगर एकामागून एक उचलले जातात. जकात कचेरीच्या दारी निर्गमनाचा दाखला मागणारे नाखवे आपापली कागदपत्रे घेऊन तिष्ठत बसतात. आणि हिवाळाभर ज्यांच्या गप्पांत वारा, मासळी आणि पुढचे बेट यांखेरीज चौथा विषय नव्हता, ती मंडळी आता एकमेकांना एकच गोष्ट विचारू लागतात, की यंदा नौका कोठे ठेवणार.

दुरून पाहणाऱ्यास हा प्रश्न दुय्यम वाटेल. युरोपातून वा उत्तर अमेरिकेतून आलेल्या, बहुधा नोकरीतून निवृत्त झालेल्या आणि चाळीसएक फुटांच्या शिडाच्या नौकेवर संसार थाटलेल्या या लोकांच्या सफरींची वर्णने पुष्कळ लिहिली गेली आहेत, आणि ती निळ्या पाण्याने व पांढऱ्या वाळूने ओतप्रोत भरलेली असतात. परंतु वर्षाचे महिने मोजावयास बसले म्हणजे ध्यानात येते की अशी नौका फार तर सहा महिने पाण्यात असते. उरलेला काळ ती कोठल्यातरी आवारात, लोखंडी टेकूंवर, धन्यावाचून, उन्हापावसात उभी असते, आणि पुढल्या वर्षीची सफर घडणार की नाही याचा निकाल बहुतांशी त्या उभ्या काळातच लागतो. नौका चालविण्याची विद्या पुष्कळांना साध्य होते. ती सोडून जाण्याची विद्या निराळी आहे, आणि माझ्या मते अधिक कठीण आहे. हा लेख त्या दुसऱ्या विद्येविषयी आहे.

प्रथम ऋतूचे गणित सांगितले पाहिजे. या बेटांवर वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून वा ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. याच वाऱ्यांवर भरवसा ठेवून कोलंबसापासून पुढे चार शतके शिडांची जहाजे अटलांटिक ओलांडून आली. आजही नोव्हेंबरच्या अखेरीस कॅनरी बेटांतील लास पाल्मास येथून शेकडो खासगी नौका एकत्र निघतात आणि सुमारे २७०० सागरी मैलांचा प्रवास करून सेंट लुशियाच्या रॉडनी उपसागरात दाखल होतात. १९८६ साली सुरू झालेला हा सामुदायिक प्रवास १९९० पासून सेंट लुशियाला येऊ लागला. डिसेंबर-जानेवारीत वारा जोर धरतो, त्याला स्थानिक लोक नाताळचे वारे म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये तो सौम्य व समंजस होतो, आणि बेटा-बेटांमधील वीस-तीस मैलांच्या सामुद्रधुन्या दिवसाउजेडी पार करण्यास त्याहून अनुकूल काळ नाही. मग जून उजाडतो. १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंतचा काळ हा अटलांटिकच्या चक्रीवादळांचा अधिकृत मोसम होय, आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दोन महिने सर्वांत भयाचे.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून हवेच्या कमी दाबाच्या लहरी एकामागून एक समुद्रावर उतरतात. त्यांपैकी बहुतेक पाऊस पाडून विरतात, पण ज्यांना साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले पाणी आणि वर शांत हवा लाभते, त्या फिरू लागतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे जी वळणशक्ती वाऱ्याला मिळते, ती विषुववृत्ताजवळ क्षीण असते. म्हणून अगदी दक्षिणेस वादळ सहसा जन्मत नाही, आणि जन्मलेले वादळ पश्चिमेस सरकता सरकता बहुधा उत्तरेकडे कलते. येथल्या नौकांच्या साऱ्या बंदोबस्ताचा पाया या एका भौतिक नियमावर रचलेला आहे: जितके दक्षिणेस जाल तितके वादळ विरळ.

हे शहाणपण नवे नाही. १७२३ साली अँटिगावर वादळ आले तेव्हा बेटाच्या इतर बंदरांतील जहाजे किनाऱ्यावर फेकली गेली, पण इंग्लिश हार्बरच्या वळणदार, डोंगरांनी वेढलेल्या खाडीत नांगरलेली ‘हेक्टर’ व ‘विन्चेल्सी’ ही ब्रिटिश आरमाराची दोन जहाजे सुखरूप राहिली; या अनुभवानंतर तेथे आरमारी गोदी उभारली गेली. तरुण होरेशियो नेल्सन १७८४ ते १७८७ या काळात याच ठाण्यावर तैनात होता, आणि आज ती गोदी त्याच्या नावाने ओळखली जाते. १७८० च्या ऑक्टोबरात बार्बाडोस, मार्टिनिक आणि सेंट लुशियावरून जे महावादळ गेले त्यात सुमारे २२,००० माणसे मेली. ब्रिटिश नौसेनापती रॉडनी मात्र वादळांचे महिने टाळण्यासाठी आपल्या ताफ्याचा एक भाग घेऊन आधीच न्यूयॉर्ककडे गेला होता, आणि तो भाग वाचला. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच्या आरमारापुढेही दोनच मार्ग होते, खाडीच्या कुशीत लपावे किंवा वादळांच्या वाटेवरून बाजूला व्हावे. आजच्या नाखव्यापुढेही तेच दोन आहेत. फक्त तिसरा एक वाढला आहे, तो म्हणजे नौका पाण्यातून उचलून जमिनीवर बांधून ठेवणे. इंग्लिश हार्बरची गोदी १८८९ साली बंद झाली आणि पडीक राहिली. १९४९ च्या आरंभी निकल्सन हे ब्रिटिश कुटुंब आपल्या जुन्या शिडाच्या जहाजातून तेथे येऊन राहिले आणि त्यांनी जहाज भाड्याने देण्याचा जो व्यवसाय आरंभिला, त्यातून या बेटांवरील आजच्या नौकाविहाराचा उगम झाला. २०१६ साली युनेस्कोने त्या गोदीची जागतिक वारशात गणना केली.

आमच्या कोकणातल्या वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. मृग लागण्यापूर्वी होड्या वाळूवर ओढून, झापांनी शाकारून, नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ फिरविण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे, आणि आज तिला मासेमारीबंदीच्या सरकारी मुदतीची जोड मिळाली आहे. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे, की कोकणातला नाखवा आपल्या शाकारलेल्या होडीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. कॅरिबियनमधल्या नौकेचा धनी जूनमध्ये विमानात बसतो आणि हजारो मैल दूर, हॅम्बुर्गला किंवा टोरांटोला, नातवंडांत जाऊन राहतो. या अंतरामुळे सगळा मामला बदलतो. जवळ असलेला मनुष्य वादळाची वर्दी मिळताच एक दोर अधिक बांधील. दूर असलेल्याला जे करावयाचे ते तीन महिने आधी करून ठेवावे लागते, आणि उरलेले दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते.

दक्षिणेस जावे हे ठरले; पण किती दक्षिणेस? येथे विमा कंपन्यांनी एक रेषा आखून दिली आहे. अनेक विमापत्रांत अशी शर्त असते की जून किंवा जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत नौका अमुक अक्षांशाच्या दक्षिणेस असली पाहिजे, अन्यथा वादळाने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही. तो अक्षांश पुष्कळदा १२ अंश ४० मिनिटे उत्तर असा लिहिलेला असतो. नकाशावर ही रेषा ग्रेनाडीन्स बेटांमधून जाते; करियाकू आणि ग्रेनेडा तिच्या खाली पडतात. त्यामुळे वर्षानुवर्षे अशी समजूत रूढ झाली की ग्रेनेडा गाठले म्हणजे सुटलो. त्या बेटाला शेवटचे मोठे वादळ १९५५ साली लागले होते, जॅनेट त्याचे नाव. आणि जी आपत्ती आपल्या हयातीत आली नाही ती येणारच नाही असे मानण्याकडे मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते.

७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन आले. त्याचा केंद्रबिंदू ग्रेनेडाच्या दक्षिण टोकाच्या अगदी जवळून गेला, म्हणजे ज्या दक्षिण किनाऱ्यावरील खाड्यांत परदेशी नौका सुरक्षिततेच्या भरवशावर ठेवल्या होत्या, नेमक्या त्यांच्यावरून सर्वांत प्रखर वारे फिरले. बेटावर ३९ माणसे दगावली, दहापैकी नऊ घरांची पडझड झाली, जगाच्या जायफळाच्या व्यापारात इंडोनेशियाच्या खालोखाल ज्या बेटाचे नाव होते त्याच्या जायफळाच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. या मानवी हानीपुढे नौकांची कथा सांगताना संकोच वाटतो. पण ती सांगितली पाहिजे, कारण नौका टेकूवर ठेवण्याची आजची पद्धत त्या एका दिवसातून घडली. आवारांत नौका एकमेकींना खेटून, पातळ लोखंडी टेकूंवर, नुसत्या मातीवर उभ्या होत्या. पावसाने माती भिजली, टेकूंचे पाय रुतले, वाऱ्याने एक नौका कलली, ती शेजारणीवर पडली, आणि अख्ख्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. पुढल्याच वर्षी १४ जुलैला एमिली नावाचे दुसरे, तुलनेने दुर्बल, चक्रीवादळ त्याच बेटावर आले. एकोणपन्नास वर्षांची शांतता दहा महिन्यांत दोनदा मोडली.

या ठिकाणी थोडे यांत्रिक विवेचन केल्यावाचून पुढे जाता येत नाही. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पाण्यातली नौका दाबाखाली कलून तो झटकून टाकते. टेकूवरची नौका कलू शकत नाही, तिला तो सर्व भार पाच-सात लोखंडी पायांवर सोसावा लागतो, आणि तिच्या डोक्यावर पन्नास-साठ फुटांची डोलकाठी तरफेसारखी उभी असते. म्हणून आयव्हननंतरच्या सुधारणा सर्व या एका मुद्द्याभोवती फिरतात. टेकू साखळीने एकमेकांना जोडावेत वा वितळजोड देऊन एकसंध करावेत. त्यांच्या खाली मातीऐवजी काँक्रीट असावे किंवा निदान जाड फळ्या असाव्यात. जमिनीत पक्के नांगर गाडून नौकेला दोन्ही बाजूंनी रुंद पट्ट्यांनी जखडावे. शक्य असेल तेथे कील, म्हणजे तळाचा जड कणा, जमिनीतील खड्ड्यात उतरवून नौकेची उंचीच कमी करावी. आणि ज्यांना खर्च झेपेल त्यांनी डोलकाठी उतरवून आडवी ठेवावी. ग्रेनेडाच्या आवारांत आज ज्या पट्ट्या व जे लोखंडी पाळणे दिसतात, ते २००४ च्या सप्टेंबराचे अपत्य आहेत. दोन धडांच्या रुंद नौका, ज्यांना कॅटॅमरान म्हणतात, त्या पडत नाहीत अशी एक समजूत होती. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळाने व्हर्जिन बेटांत त्या उचलून उलट्या टाकल्या, आणि तीही समजूत गेली.

त्या इर्माने आणखी एक पाठ शिकविला, ज्याकडे माझ्या मते अद्याप पुरेसे लक्ष दिले जात नाही. त्या व्हर्जिन बेटांपैकी टोर्टोलावर पाराकीटा नावाचा खारफुटीने वेढलेला उपसागर आहे. वादळात नौका लपविण्याची ती पिढीजात जागा. ६ सप्टेंबर रोजी ताशी २९५ किलोमीटर वेगाचे वारे घेऊन वादळ आले तेव्हा भाड्याने देण्याच्या नौकांचे मोठाले ताफे तेथे एकत्र बांधलेले होते, आणि त्यांचा एकमेकींवर आपटून चुराडा झाला. लपण्याची जागा सर्वांना ठाऊक झाली म्हणजे ती लपण्याची राहत नाही. प्रत्येक नौका शेजारच्या नौकेच्या दोरावर विसंबून असते, आणि सर्वांत निष्काळजी धन्याचा दोर प्रथम तुटतो.

मग १ जुलै २०२४ उजाडला. मोसम सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता, पुष्कळ नौका दक्षिणेच्या वाटेवर होत्या, आणि पुष्कळांच्या हिशेबात जुलै हा तुलनेने निर्धास्त महिना होता. त्या दिवशी सकाळी बेरिल हे चौथ्या श्रेणीचे वादळ, ताशी सुमारे २४० किलोमीटरचे वारे घेऊन, करियाकू बेटावर धडकले. इतक्या लवकर इतके प्रबळ वादळ अटलांटिकच्या नोंदींत पूर्वी कधी झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पाचव्या श्रेणीस पोचले, आणि तोही विक्रमच होता. टिरेल उपसागरालगतच्या खारफुटीत आश्रयास आलेल्या अनेक नौका झाडांत फेकल्या गेल्या वा बुडाल्या. करियाकू १२ अंश ४० मिनिटांच्या खाली आहे. कागदावरची रेषा आणि वादळाची वाट यांचा परस्परांशी काहीही करार झालेला नाही, हे वीस वर्षांत दुसऱ्यांदा सिद्ध झाले. बेटावरची जवळजवळ सारी घरे मोडली. ज्यांनी आदल्या आठवड्यात परक्यांच्या नौका जखडून बांधल्या होत्या, त्या कामगारांच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर उरले नाही. नौका हे शेवटी चैनीचे साधन आहे, घर नव्हे. पण त्या बेटावरच्या पुष्कळ घरांची चूल त्या चैनीच्या साधनावर पेटते, म्हणून हे दोन विषय तेथे वेगळे काढता येत नाहीत.

आणखी दक्षिणेस, ग्रेनेडापासून सुमारे ८० सागरी मैलांवर, त्रिनिदाद आहे. आणि त्याच्या वायव्य टोकास चाग्वारामास. या जागेचा इतिहास मुळापासून सांगण्यासारखा आहे. व्हेनेझुएला आणि त्रिनिदाद यांच्यामधील सामुद्रधुन्यांना कोलंबसाच्या १४९८ च्या सफरीपासून ड्रॅगनचे मुख असे नाव पडले. त्या मुखाच्या आतल्या बाजूस डोंगरांच्या आडोशाला हा खोल उपसागर आहे. १७९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश आरमार चालून आले तेव्हा स्पॅनिश नौसेनापतीने येथे आपलीच जहाजे जाळून टाकली, आणि त्रिनिदाद ब्रिटिश अंमलाखाली गेले. दुसऱ्या महायुद्धात जुन्या विनाशिकांच्या मोबदल्यात ब्रिटनने अमेरिकेला ज्या जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या, त्यांत हे द्वीपकल्प होते. तेथे अमेरिकेचा नाविक तळ उभा राहिला आणि त्रिनिदादच्या प्रजेला आपल्याच किनाऱ्यावर मज्जाव झाला. पुढे वेस्ट इंडीज संघराज्याची राजधानी येथे करावी असे ठरले, तेव्हा तळ सोडण्यास अमेरिकेने नकार दिला. २२ एप्रिल १९६० रोजी त्रिनिदादचे नेते एरिक विल्यम्स यांनी भर पावसात हजारो लोकांचा मोर्चा नेऊन हा तळ परत मागितला. देशाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात त्या मोर्चाचे स्थान मोठे आहे. आज जेथे परदेशी नौका टेकूवर उभ्या असतात, ती जमीन अशा रीतीने मिळविलेली आहे, हे तेथे नौका ठेवणाऱ्या प्रत्येकाने जाणावे असे मला मनापासून वाटते.

नव्वदीच्या दशकात, उत्तरेकडील बेटांवर १९८९ साली ह्यूगो आणि १९९५ साली लुइस या वादळांनी हाहाकार केल्यावर, चाग्वारामासच्या बोटयार्डांना भरभराट आली. साडेदहा अंश अक्षांशावर वादळ अशक्य नाही. १९६३ चे फ्लोरा टोबॅगोवरून गेले, १९७४ चे अल्मा खुद्द त्रिनिदादवरून, आणि २०१७ च्या जूनमध्ये ब्रेट नावाचे दुर्बल वादळही येऊन गेले. पण ग्रेनेडाच्या तुलनेत संभव खचित कमी आहे, आणि शिवाय तेथे तेल व वायूच्या उद्योगामुळे वितळजोड करणारे, यंत्रे दुरुस्त करणारे, सुतार, शिडे शिवणारे, रंगारी असे कुशल कारागीर एकाच रस्त्यावर भेटतात. पावसाळा मात्र तेथेही जूनपासून डिसेंबरपर्यंत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास मधेच जी उघडीप मिळते तिला ‘पेती कारेम’ असे फ्रेंच नाव आहे, आणि जाणते धनी तळाचा रंग व लाकडाचे रोगण त्या उघडिपीसाठी राखून ठेवतात. चाग्वारामासची अडचण वेगळ्याच दिशेची आहे. व्हेनेझुएलाचा किनारा जवळ असल्याने ग्रेनेडा-त्रिनिदाद मार्गावर नौका लुटण्याचे प्रकार घडले आहेत; म्हणून पुष्कळ नाखवे आपला बेत तटरक्षक दलाला आगाऊ कळवितात, सोबतीने निघतात, आणि समुद्रातील वायूच्या मनोऱ्यांच्या पूर्वेकडून जाण्याचा प्रयत्न करतात.

आता प्रत्यक्ष ठेवणीचे काम. नौका उचलण्याच्या खंदकात शिरते, तिच्या पोटाखालून दोन रुंद पट्टे घातले जातात, आणि चार चाकांची ट्रॅव्हल-लिफ्ट तिला पाण्याबाहेर उचलते. तळावरची शेवाळे व शिंपल्यांची पुटे तत्काळ, ओली असतानाच, जोरदार पाण्याने धुवावी लागतात, कारण वाळल्यावर ती दगडासारखी होतात. टेकू लावताना ते नौकेच्या आतल्या आडव्या भिंतींच्या जागी लागले पाहिजेत, अन्यथा तळाची कातडी आत दबते. जाणता मुकादम ही जागा बाहेरून ठोकून ओळखतो, आणि मोठा पाऊस झाल्यावर नौकेकडे पाहण्यापूर्वी टेकूखालची माती पाहतो.

पुढचे काम धन्याचे, आणि ते दहा-बारा दिवसांचे आहे. शिडे सर्व उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून आत ठेवली पाहिजेत. पुढचे शीड गुंडाळीवर तसेच सोडून जाणारे लोक दर वर्षी भेटतात. ते शीड वादळात सुटते, फडफडते आणि आपल्याबरोबर शेजारच्या चार नौका घेऊन पडते, म्हणून यास मी आळस न म्हणता अपराध म्हणेन. कापडी छत, सौर पट्ट्या, पवनचक्कीची पाती, हे सर्व उतरवावे. दोर डोलकाठीच्या टोकास चढवून त्यांच्या जागी बारीक सुतळ्या सोडाव्यात, म्हणजे उन्हात दोर कुजत नाहीत. इंजिनातून गोडे पाणी फिरवून खार धुवावा. इंजिनाचे तेल जाण्यापूर्वी बदलावे, परतल्यावर नव्हे, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल सहा महिने धातू खात बसते. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा शिरून पाणी साचत नाही आणि त्या पाण्यात वाढणारे जंतू नळ्या तुंबवीत नाहीत. खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असेल तर त्याच्या पडद्यात संरक्षक द्रव भरावा लागतो, नाहीतर तो पडदा सडतो.

पण या सर्वांहून चिवट शत्रू दमटपणा आहे. बंद नौकेत, तीस अंशांच्या उष्म्यात, बुरशी आठवड्याभरात चामड्यावर, पंधरवड्यात लाकडावर आणि महिन्याभरात पुस्तकांवर चढते. व्हिनेगरने सर्व भिंती पुसाव्यात, गाद्या उभ्या कराव्यात, कपाटांची दारे, शीतपेटीचे झाकण, जमिनीखालच्या फळ्या उघड्या ठेवाव्यात. आवारात वीज असेल तर आर्द्रता शोषणारे यंत्र लावून त्याचे पाणी मोरीत सोडावे, आणि वीज जाते हे गृहीत धरावे. झुरळांसाठी बोरिक पावडर ठेवावी, आणि पुठ्ठ्याची खोकी तर वर्षभर कधीच नौकेवर आणू नयेत, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. कुंभारमाशी वायुविजनाच्या नळ्यांत मातीची घरे बांधते; त्या नळ्यांना बारीक जाळी लावावी. डेकवरचे पाणी वाहून नेणारी छिद्रे दर पंधरवड्याला कोणीतरी साफ केलीच पाहिजेत, कारण झाडाचे एक पान छिद्रावर बसले तरी उष्णकटिबंधातील एका रात्रीचा पाऊस नौकेत शिरून बॅटऱ्या बुडवू शकतो. वादळाने बुडालेल्या नौकांची बातमी होते. टेकूवर उभ्या-उभ्या पावसाच्या पाण्याने आतून बुडालेल्या नौकांची होत नाही, पण आवारातल्या लोकांना विचारल्यास त्या कमी नाहीत.

म्हणून राखणदार नेमावा लागतो. महिन्याच्या ठरलेल्या मोबदल्यावर तो पंधरवड्याने नौका उघडतो, वारा खेळवितो, छिद्रे पाहतो, पट्ट्या आवळतो आणि छायाचित्रे पाठवितो. या नेमणुकीत काटकसर करणे हे मला सर्वांत अदूरदर्शी वाटते. लक्षावधी डॉलरांची नौका, तीवर हजारो डॉलरांचा विमा, आणि ज्या माणसाच्या नजरेवर हे सर्व अवलंबून त्याच्याशी मात्र घासाघीस, असा व्यवहार मी पाहिला आहे, आणि तो मला न्याय्य वाटला नाही.

इतर मुक्कामांचा उल्लेख थोडक्यात करतो. कुरासाव बारा अंशांवर, कोरड्या हवेचे बेट. तेथे बुरशीचा त्रास कमी, पण तेथून परत पूर्वेकडे येताना वारा व प्रवाह दोन्ही तोंडावर येतात, आणि ती वाट नौकेची व माणसाची हाडे खिळखिळी करते. ग्वाटेमालाची रिओ दुल्से नदी समुद्रापासून कितीतरी मैल आत, चुनखडीच्या कड्यांमधून जाते. वादळाच्या लाटा तेथे पोचत नाहीत, आणि गोड्या पाण्यात तळावरचे सागरी जीव मरतात. मात्र लिव्हिंग्स्टन येथे नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या पट्टीवर जेमतेम सहा फूट पाणी असते. खोल कण्याच्या नौकांची डोलकाठी स्थानिक होडीवाले दोराने ओढून नौका कलंडवितात आणि तशी कललेली नौका आत नेतात. पूर्वेकडील बेटांवर पुढच्या हिवाळ्यात परत यावयाचे असेल त्याने रिओ दुल्सेचा विचार करू नये. अंतर फार पडते.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष चालत नाही. बेटांवर निरनिराळी राज्ये असल्याने प्रत्येक ठिकाणी पिवळे निशाण चढवून दाखल व्हावे, जकात व स्थलांतर खात्यांपुढे रुजू व्हावे, नौकेच्या तात्पुरत्या आयातीची मुदत पाहावी आणि आपण विमानाने जाताना नौका मागे राहत आहे याची रीतसर नोंद करून घ्यावी. ही नोंद राहिली, तर परतल्यावर विमानतळावर प्रश्न उभा राहतो. पूर्व कॅरिबियनच्या बहुतेक बेटांचे चलन एकच आहे, १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० या दराने बांधलेले, त्यामुळे हिशेब सोपा जातो. त्रिनिदादचा डॉलर निराळा. विमापत्र मात्र शब्दन्‌शब्द वाचावे. पट्ट्या किती, टेकू कसे, शिडे उतरविली का, डोलकाठी उभी की आडवी, हे कलमवार विचारलेले असते, आणि वादळानंतर तपासनीस याच कलमांनिशी येतो. २०१७ नंतर अनेक विमेदारांनी या भागातून हात काढून घेतला किंवा हप्ते वाढविले, आणि पुष्कळ धनी विम्यावाचूनच राहू लागले. त्यांच्यापुढे चांगल्या बांधणीखेरीज अन्य आधार नाही.

ऑक्टोबर सरत आला की चाग्वारामासमध्ये उलटी हालचाल सुरू होते. त्रिनिदादमध्ये दिवाळी ही १९६६ पासून सार्वजनिक सुट्टी आहे; १८४५ च्या मे महिन्यात ‘फातेल रझाक’ या जहाजातून जे पहिले गिरमिटिये मजूर हिंदुस्थानातून आले, त्यांचे आणि त्यांच्या मागून आलेल्यांचे वंशज या बेटाच्या लोकसंख्येचा मोठा भाग आहेत, आणि बोटयार्डातले कित्येक सुतार, जोडारी व लिफ्ट चालविणारे याच वंशातले. उत्तरेकडून परतणारे पहिले धनी पुष्कळदा नेमके त्या दिवसांत येतात. सणाच्या दिवशी यार्ड बंद असते, हे न कळलेला मनुष्य आपल्या सामानासह फाटकाशी उभा राहतो, आणि कामगारांपैकी कोणाची ओळख असल्यास पणत्यांच्या अंगणात जेवावयास बसतो.

मग तळाला नवा रंग, शिडे पुन्हा चढविणे, बॅटऱ्या, नळ्या, दोर. उतरविण्याच्या दिवशी लिफ्ट नौकेला पाण्यावर आणते, पण पट्टे लगेच सोडले जात नाहीत. नौका अजून पट्ट्यांत लोंबकळत असताना धनी आत धावतो, जमिनीखालच्या फळ्या उचलून प्रत्येक झडप, प्रत्येक नळीची जोडणी, सुकाणूच्या व पंख्याच्या दांड्याची भोके हाताने चाचपून पाहतो. सहा महिन्यांत वाळलेला रबर कोठे चिरलेला असेल तर तो याच क्षणी सापडतो, कारण एकदा पट्टे सुटले की गळती शोधावयास पुन्हा उचलणावळ द्यावी लागते. लिफ्टवाला यंत्राच्या आवाजातून ओरडून विचारतो, कोरडे आहे का. आतून होकार आला की तो पट्टे ढिले करतो, इंजिन सुरू होते, थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून बाहेर पडते आहे ना हे काठावरचा कोणीतरी सांगतो, आणि नौका मागे मागे सरकत खंदकाबाहेर पडते. तिच्या मोकळ्या झालेल्या जागी लिफ्ट तासाभरात दुसरीला आणून उभी करते.